कॉलेजात गणित मंडळ चालवायचं असेल तर

दरवर्षी जूनच्या अखेरीस कुणा ना कुणा जुन्या विद्यार्थ्याचा फोन येतो. तो किंवा ती आता स्वतः कुठल्या तरी कॉलेजात गणित शिकवायला लागलेली असते, विभागप्रमुखांनी गणित मंडळाची जबाबदारी सोपवलेली असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, उद्घाटनाला कोणाला बोलवू?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. उद्घाटन सध्या राहू दे. आधी सात मुलं आणि एक फळा मिळव.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी २६ वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली १९ वर्षं मंडळ माझ्याकडे होतं. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे लिहिते आहे.

सात हा आकडा मी अनुभवाने धरला आहे. तीन-चार मुलं असली की एक हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वीस झाली की पुन्हा वर्ग भरतो. सात-आठ जणांत कुणालाही लपता येत नाही आणि कुणी एकटंही पडत नाही. ही मुलं पहिल्या बाकावरचीच हवीत असं नाही. तास संपल्यावर जिन्यात गाठून "पण असं का?" विचारणारा, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडणारा, परीक्षेत ५० गुण मिळूनही प्रॅक्टिकलच्या तासाला उशिरापर्यंत थांबणारा, अशी मुलं हेरून ठेवा आणि प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगा. फलकावर नोटीस लावून माणसं येत नाहीत. नाव घेऊन बोलावलं की येतात.

सभासद कोणाला करायचं हा प्रश्न लगेच येतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत गणिताच्या मानाच्या संस्था असतात. पाय म्यू एप्सिलॉन ही त्यांतली जुनी, १९१४ साली सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालेली. तिथे अभ्यासातली गुणवत्ता बघून सभासदत्व देतात. पण त्याच संस्थेचं १९४९ पासून एक नियतकालिक निघतं, त्यात विद्यार्थ्यांनी लिहिलेले लेख असतात, सोडवायला उदाहरणं असतात. आपण हे दुसरं अंग उचलावं असं माझं ठाम मत आहे. गुणांची अट घातलीत तर ज्यांना मंडळाची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं दाराबाहेर राहतात. आमच्याकडे अट एकच होती : वर्षभरात एकदा तरी फळ्यापाशी येऊन काहीतरी सोडवून दाखवायचं. अर्धवट चालेल, चुकलेलंही चालेल.

वार आणि वेळ

पुण्यात हे ठरवताना गावाचं वेळापत्रक बघावं लागतं. गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी वीज त्याच दिवशी जाते आणि पाणीही बऱ्याचदा त्याच दिवशी बंद असतं. संध्याकाळी पाचनंतरची वेळ जुलै-ऑगस्टमध्ये चालत नाही, कारण अर्धी मुलं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातात आणि उरलेल्यांतली काही पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत असतात. त्यांना अडवू नका. गणपती झाल्यावर ती परत येतात, फक्त तोवर मंडळ चालू असलं पाहिजे. भोर, जुन्नर, इंदापूरकडून येणाऱ्या मुलांची एसटी असते, वसतिगृहातल्यांची मेस असते. आम्ही बुधवारी दुपारी अडीच ते चार ही वेळ धरली होती आणि ती १९ वर्षांत बदलली नाही. पाच मुलं आली तरी बुधवार, पाऊस असला तरी बुधवार. मंडळ आहे हे मुलांना त्या ठरलेपणावरून कळतं.

खोली मागताना सेमिनार हॉल मागू नका. तिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात, फळा छोटा असतो आणि पडदा मोठा. तळमजल्यावरचा साधा वर्ग घ्या, दोन लांब फळे असलेला, दार उघडं ठेवता येईल असा. जाता-येता मुलं डोकावतात. त्यातली काही आत येतात. खडू स्वतःच्या पैशांनी आणून कपाटात ठेवा, रंगीत खडूंसकट.

आठवड्याचं उदाहरण

मंडळाचा खरा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीजवळ, कुठेतरी जिथे मुलं रेंगाळतात तिथे एक छोटा फळा टांगा. दर सोमवारी सकाळी त्यावर एक उदाहरण लिहा. ते दोन ओळींत मावलं पाहिजे आणि पाठीवर सॅक घेऊन उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे. सुरुवात करायला दहावीचं गणित पुरावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, उत्तर मिळाल्यावर ते संपू नये. त्याला शेपूट असलं पाहिजे.

उदाहरणार्थ, भास्कराचार्यांच्या लीलावतीतला बांबू. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? पायथागोरसचं प्रमेय येणारा कुणीही १२ हात हे उत्तर काढतो. इथे थांबलात तर ते शाळेचं उदाहरण झालं. शेपूट असं : टोक किती हातांवर टेकलं तर उत्तर पूर्ण संख्येत येईल? मुलं आधी अंदाजाने आकडे घालतात, मग समीकरण मांडतात आणि त्यांना दिसतं की ते अंतर आठच्या पटीत असलं पाहिजे. ८ हातांवर टेकलं तर १५, १६ वर १२, २४ वर ७. म्हणजे ८-१५-१७ आणि ७-२४-२५ हे त्रिकोण त्याच बांबूत दडलेले होते. मग कुणीतरी विचारतं, बांबू ३२ ऐवजी ५० हातांचा घेतला तर? तो प्रश्न मुलाच्या तोंडून आला की तुमचं काम झालं. तुम्ही तो विचारू नका, कितीही मोह झाला तरी.

उत्तरं टाकायला एक जुना बुटांचा खोका ठेवा. प्रत्येक चिठ्ठी वाचा आणि परत करा. चिठ्ठीवर 'चूक' असं कधीच लिहू नका, जिथे पाय घसरला असेल तिथे प्रश्न लिहा : "ही संख्या शून्य असली तर?" माझ्या एका विद्यार्थ्याने अशी एक चिठ्ठी चार वेळा परत टाकली होती. पाचव्यांदा ती बरोबर आली.

कापरेकरांचा बुधवार

उदाहरणं कुठून आणायची असं विचारतात. आधी आपल्याच अंगणात बघा. द. रा. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं आणि पुढे निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर आलात की तिथेच राहता. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे घडतं. मध्येच ९९९ आले तर पुढे शून्य लावून ०९९९ धरायचं, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर तिथे गोंधळ होतो.

हे बहुतेक ठिकाणी जादूसारखं दाखवून सोडून देतात. तसं करू नका.

आमच्याकडे भोरच्या बाजूची एक मुलगी होती, मराठी माध्यमातून आलेली, दुसऱ्या वर्षाला. सहा महिने ती शेवटच्या बाकावर बसून नुसती ऐकत होती. कापरेकरांच्या बुधवारी मी तिला फळ्यापाशी बोलावलं. ती इंग्रजीत सुरुवात करून दुसऱ्या वाक्याला थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, मराठीत सांग ना." तिने खडू घेतला आणि सांगायला लागली. मोठ्यातला मोठा अंक आणि लहानातला लहान अंक यांच्यातला फरक एक, मधल्या दोन अंकांतला फरक दुसरा. वजाबाकीचं उत्तर म्हणजे पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. म्हणजे मूळ संख्या कोणती होती याने काही बिघडत नाही, हे दोन फरक तेवढे लागतात. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजले तर जोड्या फक्त ५४. "सगळ्या संख्या कशाला तपासायच्या, ५४ तपासल्या की झालं," असं म्हणून ती आमच्याकडे वळली. आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकाने सहा जोड्या घेतल्या आणि चार वाजायच्या आत दोन्ही फळे भरून सगळ्या वाटा ६१७४ वर येऊन मिळाल्या. ६ आणि २ ही जोडी घातली की ५९९४ अधिक १८०, म्हणजे पुन्हा ६१७४, हे तिने अगदी शेवटी, सगळ्यांच्या नंतर लिहिलं.

तेव्हापासून मी नियमच केला : फळ्यापाशी कुणीही कुठल्याही भाषेत बोलावं. शाळेतली संज्ञा आठवली तर ती वापरावी, 'प्रूफ' म्हणावंसं वाटलं तर प्रूफ म्हणावं. परीक्षेची इंग्रजी नंतर येते. विचार अडला तर मात्र तो परत येत नाही. ग्रामीण भागातून येणारी कितीतरी मुलं केवळ या एका कारणाने गप्प बसतात आणि आपण त्यांना 'अबोल' म्हणून मोकळे होतो. मला याचं फार वाईट वाटतं, आजही.

मुलांची व्याख्यानं

गणपतीनंतर, दोन महिने उदाहरणं सोडवून झाली की महिन्यातला एक बुधवार एका विद्यार्थ्याला द्या. २० मिनिटं, फक्त खडू आणि फळा. स्लाइड नको, कारण स्लाइड वाचून दाखवता येते आणि प्रूफ वाचून दाखवलं की ते कुणाला समजलंय हे कळत नाही. विषय छोटा हवा. 'टोपॉलॉजी' हा विषय नाही. 'कुठल्याही सहा माणसांत एकमेकांना ओळखणारे तिघे किंवा एकमेकांना अनोळखी असे तिघे असतातच' हा विषय आहे. कँटीनच्या टेबलावर सहा जणांना बसवून त्याची सुरुवात करता येते, प्रूफ दहा मिनिटांत होतं. मग वक्त्याने सांगायचं की तिघांऐवजी चौघे हवे असतील तर किमान १८ माणसं लागतात आणि पाच जणांसाठी नेमकी किती हे अजून जगात कुणालाही काढता आलेलं नाही. दुसऱ्या वर्षातल्या मुलांचे चेहरे तेव्हा बघावेत. गणितात सगळं आधीच सोडवून झालेलं आहे अशी त्यांची बारावीपासूनची समजूत असते.

प्रत्येक व्याख्यानाआधी दोन तालमी घ्या, एक तुमच्यासमोर आणि एक त्या विषयातलं काही न येणाऱ्या मित्रासमोर. दुसरी जास्त उपयोगी पडते. फळ्यावर काय कुठे लिहायचं हे आधी कागदावर आखायला लावा आणि मुख्य विधान शेवटपर्यंत पुसू नका.

पाहुणे

पुण्यात वक्त्यांची वाण नाही. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान लॉ कॉलेज रस्त्याजवळ आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, विद्यापीठाचा गणित विभाग आहे. तिथली मंडळी बोलावलं तर आनंदाने येतात. मात्र बोलावताना पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा : मुलं कुठल्या वर्षाची आहेत, त्यांना काय येतं, किती वेळ आहे आणि फळा केवढा आहे. "कुठल्याही विषयावर बोला" असं कधी लिहू नका.

एक प्रसंग मला अजून सलतो. आमच्याकडे बाहेरगावाहून एक ज्येष्ठ गणिती आले होते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, परिचय, अध्यक्षीय मनोगत, सगळं यथासांग झालं आणि त्यांच्या वाट्याला शेवटी २५ मिनिटं आली. घंटा झाल्यावर मुलं उठली, कुणीही एक प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून परिचय दोन मिनिटांचा, तोही विद्यार्थ्याने करायचा, पुष्पगुच्छ शेवटी द्यायचा आणि निदान २० मिनिटं प्रश्नांसाठी राखायची. आदल्या बुधवारी त्या विषयावरची दोन सोपी उदाहरणं मुलांकडून करून घ्या, म्हणजे प्रश्न आपोआप येतात. वर्षात तीन पाहुणे पुरे.

२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन असतो, तेव्हा रामानुजनांवर भाषणं ठेवण्याची पद्धत आहे. मी त्याऐवजी लिमलेटच्या गोळ्या आणायचे. चार गोळ्यांचे ढीग किती प्रकारे करता येतात? चार, तीन-एक, दोन-दोन, दोन-एक-एक आणि एक-एक-एक-एक, म्हणजे पाच. नऊ गोळ्यांचे ३० प्रकार होतात. ते टेबलावर एकही न चुकता मांडायला एका गटाला पाऊण तास लागतो, मध्ये भांडणंही होतात. १४ गोळ्यांचे १३५. ५, ३०, १३५ : सगळे पाचने भागले जातात. १९ गोळ्यांचेही जातील, २४ चेही, हे रामानुजनांनी पाहिलं आणि सिद्धही केलं. ढीग मांडून दमलेल्या मुलांना त्या वाक्याचं वजन कळतं. राहिलेल्या गोळ्या वाटून टाकाव्यात.

बाकीचं थोडक्यात

भित्तिपत्रक महिन्याला एक, ड्रॉइंग शीटवर, हाताने लिहिलेलं. छापील नको. चूक सापडली तर शीट बदलू नका, लाल शाईने दुरुस्ती करा आणि चूक काढणाऱ्याचं नाव शेजारी लिहा.

स्पर्धांची माहिती वेळेत काढून फलकावर लावा. पदवीच्या मुलांसाठीची माधव गणित स्पर्धा तर पुण्याच्या एस. पी. कॉलेजातूनच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राबरोबर घेतली जाते. जुन्या प्रश्नपत्रिका जोडीजोडीने सोडवायला द्या, एकट्याने नको. ज्यांना खरंच पुढे जायचंय त्यांना उन्हाळ्यातल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणित शिबिराचा अर्ज भरायला लावा. १९९३ पासून ते चालू आहे आणि तिथे शिक्षक सांगण्यापेक्षा विचारतात जास्त. चार आठवड्यांनी परत आलेलं मूल वेगळं असतं.

वर्गणी ५० रुपयांच्या वर नेऊ नका आणि कुणाची राहिली तर मागू नका. हिशेब एका साध्या वहीत, खजिनदाराच्या अक्षरात, महिन्याला सगळ्यांसमोर वाचून.

जानेवारीच्या गार सकाळी एकदा गणिताची फेरी काढा. फर्ग्युसनपासून सुरुवात करावी, कॉलेजची परवानगी आधी घ्यावी. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले र. पु. परांजपे इथेच येऊन प्राचार्य झाले, दा. ध. कोसंबी इथे गणित शिकवायचे. आणि १९०७ साली सुरू झालेल्या भारतीय गणित सभेचं ग्रंथालय याच आवारात होतं. एकेकट्याला परदेशी नियतकालिकं परवडत नव्हती, म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि टपालाने एकमेकांना वाचायला पाठवायची, अशी त्या सभेची सुरुवात. पुढे तिच्याच नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनांचा पहिला लेख छापून आला. हे तिथे झाडाखाली उभं राहून सांगावं. मग चालत भास्कराचार्य प्रतिष्ठानापर्यंत. वाटेत चहाला थांबाल तेव्हा सहा माणसांचं प्रूफ पुन्हा एकदा कुणाकडून तरी करून घ्या.

वही

फेब्रुवारी संपायच्या आत, परीक्षा अंगावर येण्याआधी, दुसऱ्या वर्षातून नवा सचिव निवडा. मतदान नको, वर्षभर बुधवारी सर्वांत जास्त वेळा आलेल्यांना विचारा. जुन्या सचिवाने नव्याला मंडळाची वही द्यायची. त्यात प्रत्येक बुधवारची तारीख, कोण आलं, कुठलं उदाहरण होतं आणि फळ्यापाशी कोण उभं राहिलं एवढंच असावं. शेवटच्या नावाची नोंद कधीही चुकवू नका. मी वर्षाअखेरीस तो रकाना वाचून बघायचे आणि एखाद्याचं नाव एकदाही आलं नसेल तर उरलेल्या बुधवारांतला एक त्याच्यासाठी ठेवायचे.

वहीच्या शेवटच्या पानावर, यंदा वेळ न पुरलेलं एक उदाहरण लिहून द्यायची पद्धत भोरच्या त्या मुलीने पाडली. तिने लिहिलं होतं : 'चार अंकी झाल्या. पाच अंकी संख्यांचं काय?' जुलैतल्या पहिल्या बुधवारी नव्या सचिवाने ते पान उघडलं. पहिल्या दिवशी आलेल्या सहा जणांना वाटत होतं की इथेही एकच संख्या निघेल. साडेतीनच्या सुमारास फळ्यावर ५३९५५ आली, तिच्यातून ५९९९४ आणि तिच्यातून परत ५३९५५. पहिल्या वर्षाचा एक मुलगा जागेवरून उठला, खडू मागून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, ही तर गोल फिरतेय. अजून असे गोल आहेत का बघू?"